तीस हजार एकतीसचे अवयव

गोंडपिपरी,
ता. १४ जून १९५८

मा. चिटणीस,
वनप्रांत विद्यार्थिनी परीक्षा मंडळ,
चांदा.

महाशय,

शुक्रवार, दि. १३ जून १९५८ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तुमच्या कचेरीच्या खिडकीत, तुमच्या मंडळाने तेरा वर्षांच्या एका मुलीवर अन्याय केला. वेळ मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहिली. कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ सव्वाचारला बंद पडलेलं आहे, त्याच्यावर विसंबू नये.

नागपूरच्या कॉन्व्हेंटात मी शिकले तिथे सिस्टर ॲग्नेसचा नियम होता. तक्रार लिहायची तर पहिल्या ओळीत दिवस आणि वेळ. स्वतःची चूक लिहायची असली तरी तसंच. म्हणजे नंतर कोणाला 'तसं नव्हतं' म्हणता येत नाही.

मुलीचं नाव रंभा लटारू मडावी. गोंडपिपरीपासून चार कोसांवर तिचं गाव आहे. तिची आई गुणाबाई आमच्या भाताच्या बांधीत रोवण्याला येते, एवढीच माझी ओळख. तुमच्या वसतिगृह-प्रवेशाच्या परीक्षेच्या निकालफळ्यावर मुलीचं नाव नाही म्हणून परवा ती मुलीला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, पोरगी म्हनते आपलं बरोबर हाय. मले तं काई समजत नाई. तुमी पाहा." काल पहिल्या मोटारीने आम्ही तिघी चांद्याला आलो.

खिडकीत तुमचे कारकून बाबूभाई होते. ते म्हणाले, "बाई, निकाल लागला म्हंजे लागला. आता काय रबरानं पुसाचा हाय का?"

मी म्हटलं, "फळा फडक्याने पुसतात. उत्तरपत्रिका काढा."

"तुमी मुलीच्या कोन लागता?"

"कोणी नाही. म्हणून तर आले. नात्यातली असते तर भीड पडली असती."

त्यांनी पत्रिका काढली. माणूस वाईट नाही, फक्त हलायला वेळ लावतो. सातवा प्रश्न असा आहे: 'तीस हजार एकतीस या संख्येचे वर्गीकरण करा. सम की विषम, वर्गसंख्या आहे की नाही, मूळ की संयुक्त. कारणे द्या. गुण आठ.'

रंभाने लिहिलं आहे: विषम, कारण शेवटी एक. वर्गसंख्या नाही, कारण १७३ चा वर्ग २९,९२९ आणि १७४ चा ३०,२७६. ही मधे पडते. संयुक्त, कारण ५९ × ५०९ = ३०,०३१.

पहिल्या दोन उत्तरांना मिळून दोन गुण दिले आहेत. तिसऱ्यावर तांबड्या शाईची फुली आणि शेरा: 'अंदाज. नियम माहीत नाही.' सहा गुण गेले. मुलीचे छप्पन्न झाले. उत्तीर्ण व्हायला साठ लागतात.

मी तिथेच, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, एकोणसाठने पाचशे नवाला गुणलं. तीस हजार एकतीस आले. बाबूभाईंनाही करायला लावलं. त्यांचेही तेवढेच आले, जरी त्यांना दोनदा करावं लागलं.

सहा गुण देऊन बासष्ट करा. वसतिगृहात सहा जागा आहेत, पाचच भरल्या आहेत. प्रवेश सोमवार, ७ जुलैला बंद होतात. त्या दिवशी रंभा आत नसेल तर तिची शाळा संपली, कारण तिच्या गावात सातवीच्या पुढे वर्ग नाही.

मनकर्णा येरगुडे
निवृत्त मुख्याध्यापिका

*

जा. क्र. ११८
चांदा, ता. १८ जून १९५८

श्रीमती मनकर्णा येरगुडे यांस,

आपले दि. १४ चे पत्र मिळाले.

प्रश्न क्र. ७ च्या उत्तरासंबंधी कळविण्यात येते की, २, ३, ५, ७, ११ व १३ या पहिल्या सहा मूळ संख्यांचा गुणाकार तीस हजार तीस येतो. अशा गुणाकारात एक मिळविल्यास येणारी संख्या मूळ असते, असा नियम उत्तरसूचीत दिलेला आहे. सदर उत्तरसूची एका अत्यंत अनुभवी व आदरणीय शिक्षिकेच्या टिपणांवरून तयार केलेली आहे. उत्तीर्ण झालेल्या पाचही मुलींनी तेच उत्तर लिहिलेले आहे. तपासनिसांनी सूचीप्रमाणे गुण दिले, त्यात त्यांचा दोष नाही.

आपण दाखविलेला गुणाकार मात्र मंडळाच्या कचेरीत करून पाहण्यात आला. तो बरोबर आहे. त्यामुळे प्रकरण विचाराधीन आहे. विचारास काही अवधी लागेल. आपण उतावीळ होऊ नये, ही नम्र विनंती.

सु. शेख
चिटणीस

*

गोंडपिपरी,
ता. २१ जून १९५८

चिटणीससाहेब,

गुणाकार बरोबर आहे आणि प्रकरण विचाराधीन आहे, ही दोन वाक्यं तुम्ही एका दमात लिहिलीत. मला हे जमलं नसतं. एकोणसाठ पाचशे नवे तीस हजार एकतीस झाल्यावर विचार करायला काय उरतं ते मला कळवा, मीही करीन.

आता तुमचा नियम. पहिल्या सहांचा गुणाकार घेतला आणि एक मिळवला, तर त्या सहांपैकी कोणीही भाग दिला तरी बाकी एक उरणार. खरं आहे. पण त्यातून सिद्ध काय झालं? त्या सहांनी भाग जात नाही, इतकंच. सातव्याने, दहाव्याने, सतराव्याने जात नाही हे कुठे सिद्ध झालं? गावातल्या सहा जणांनी चोरी केली नाही म्हणून चोरी झालीच नाही, असं तुमचे फौजदार म्हणतात का? एकोणसाठ ही मूळ संख्यांत सतरावी. ती तुमच्या सहांच्या मागे शांत बसली होती. तिला शोधायला एका पोरीला अकरा भागाकार करावे लागले. तुमच्या मंडळाने एकही केला नाही.

आणि ती तुमची 'अत्यंत अनुभवी व आदरणीय शिक्षिका'. तिला माझा निरोप सांगा. अनुभव म्हणजे एकच चूक बरीच वर्षं करणं नव्हे. तिला पुन्हा चौथीत बसवा, पुढच्या बाकावर. जमलं तर मीच शिकवीन, वेळ आहे मला.

हा 'अंदाज' मुलीने कसा केला ते मी तिलाच लिहून द्यायला सांगितलं. भाषा सुधारलेली नाही, सुधारायची गरजही वाटली नाही. कागद सोबत जोडते.

मनकर्णा येरगुडे

(सोबतचा कागद)

मोठ्या सायबाले रंभाचा नमस्कार.

बाईनं सांगतलं, तू कसं काढलं ते लिही. म्हनून लिहून राह्यली.

उन्हाळ्यात आमी तेंदूपत्ता तोडतो. पुडके बांधून फडीवर वाळू घालतो. तिथी वळी मांडा लागते, साऱ्या वळी सारख्या. ठेकेदाराचा मुन्शी वळी मोजते. सारख्या वळीत न बसलेलं पुडकं सुटं राह्यते. सुटं पुडकं मुन्शी खराबात टाकते, चांगलं असलं तरी. त्याची तशीच रीत हाय. म्हनून आमच्या फडीवरच्या बाया एक बी पुडकं सुटं राहू देत नाई. वीसच्या वळीनं सुटं राह्यलं तं एकवीसनं मांडते. तिथी राह्यलं तं तेवीसनं. मी लहानपनापासून आईसंगं मांडतो. मांडाच्या आंधीच डोक्यात करून पाहाची मले सवय झाली.

परीक्षेत सवाल पाह्यला तं मले वाटलं एवढ्या पुडक्याची फडी हाय. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सगळ्याईत एकच पुडकं सुटं राह्यलं. मंग सतरानं नऊ राह्यले. एकोनवीसनं अकरा. तसं करत गेली. त्रेपन्ननं तेहतीस राह्यले. एकोनसाठनं मांडलं तं एक बी राह्यलं नाई. कच्चा कागद नव्हता म्हनून सवालाच्या कागदाच्या मांगं भागाकार केले. तो कागद घरी हाय.

सहा खेपा एक सुटं राह्यलं म्हनून मांडनं काऊन सोडाचं? आई म्हनते, पुडकं सुटं राह्यलं तं ढीग खोटा नसते, वळ बदलवाची असते.

माह्यं चुकलं असन तं सांगा.

रंभा

*

चांदा,
ता. २५ जून १९५८

आदरणीय बाईंना सुरय्याचा सलाम.

हे पत्र मंडळाचं नाही, माझं आहे. तुम्ही मला महाशय म्हणालात, साहेब म्हणालात. माझा पहिला कागद सरकारी भाषेत होता, त्यात मी बाई आहे की पुरुष हे कळायला जागा नव्हती, आणि मी ते मुद्दाम तसंच राहू दिलं. मी सुरय्या. चांद्याच्या शाळेत १९३६ साली तुमच्या सातवीत होते. बल्लारपूरहून रोज आगगाडीने यायचे आणि रोज प्रार्थनेनंतर पोचायचे. तुम्ही हजेरी घेताना 'आगगाडीची सुरय्या' म्हणायचात. आता मी मुलींना गणित शिकवते आणि मंडळाचं काम पाहते. दोन्ही तुमच्यामुळे.

सोबत माझ्या तेव्हाच्या वहीचं एक पान पाठवते. परत पाठवा, माझ्याकडे एकच वही आहे.

पानावर तारीख आहे, मंगळवार १४ जुलै १९३६. दोन अधिक एक तीन. दोन गुणिले तीन, अधिक एक, सात. मग एकतीस, दोनशे अकरा, तेवीसशे अकरा. पाचही मूळ. ते भागाकार माझे आहेत, पेन्सिलीचे. खाली तांबड्या शाईत नियम लिहिला आहे आणि 'शाब्बास' लिहिलं आहे. ते अक्षर कोणाचं, हे मी सांगायला नको.

तो तास मला आठवतो. मी विचारलं होतं, "बाई, आणि सहावा?" तुम्ही म्हणालात, "पाच जणांनी खरं सांगितलं, सहावा खोटं कशाला बोलेल? बस खाली, तास संपत आला." सगळा वर्ग हसला. मीही हसले. तीस हजार एकतीसला मी त्यानंतर कधी भाग देऊन पाहिला नाही. तुम्ही सांगितलं होतं म्हणजे झालं.

बाई, पंधरा ऑगस्टला मंडळ तुमचा सत्कार करणार आहे. तुम्हाला आयत्या वेळी कळवायचं ठरलं होतं. माझ्या वह्यांतून 'येरगुडेबाईंची गणित टिपणे' निवडून चाळीस शाळांना पाठवायची, हे काम मीच अंगावर घेतलं. त्याचे कागद छपाईसाठी चक्रमुद्रण यंत्रावर चढले आहेत. सातवा प्रश्न मी त्यातूनच घातला. तो नियम त्या पाच मुलींनाही मीच शिकवला होता. मला वाटलं, तुमची एक आठवण परीक्षेत असावी.

आता अडचण अशी आहे. मंडळाची बैठक ४ जुलैला आहे. उत्तरसूची बदलायची तर चूक कुठून आली हे अध्यक्ष विचारणारच. ते जुने गृहस्थ आहेत आणि तुमच्याबद्दल भाषण लिहून बसले आहेत. शिवाय चूक मान्य केली की त्या पाच मुलींचे सहा-सहा गुण जातात. त्यांतल्या दोघी साठाच्या खाली येतात.

मला एक मार्ग दिसतो. मी लिहून देते की वहीतून उतरवताना चूक माझ्या हातून झाली. मूळ टिपणात 'कधी कधी' असं होतं, ते माझ्याकडून सुटलं. रंभाला गुण मिळतील, तुमचं नाव मधे येणार नाही. माझी नोकरी काही जात नाही, फार तर दोन बोलणी खाईन. तुमची खाऊन सवय आहे.

तुम्ही हो म्हणा, म्हणजे झालं. काही लिहिलं नाहीत तरी मी हो समजेन.

तुमची,
सुरय्या

ता. क. बाबूभाईंनी ते भिंतीवरचं घड्याळ चालू केलं आहे. म्हणतात, "येरगुडेबाई फिरून आली तं?"

*

गोंडपिपरी,
ता. ३० जून १९५८

चि. सुरय्या,

मंगळवार, दि. १४ जुलै १९३६ रोजी, तिसऱ्या तासाला, घंटेला पाच मिनिटं असताना, मनकर्णा येरगुडे हिने एका मुलीचा बरोबर प्रश्न हसण्यावारी नेला आणि तिच्या वहीत तांबड्या शाईने खोटा नियम लिहिला.

पहिली ओळ झाली. आता पुढचं सोपं आहे.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही. ते दोन दिवस मी तुझ्यावर चिडण्यात घालवले, कारण स्वतःवर चिडायची मला फारशी सवय नाही. पान मी तीन वेळा दिव्याशी नेलं. अक्षर माझंच आहे. 'श'ची गाठ मी अजून तशीच मारते. त्या वर्षानंतर अभ्यासक्रम बदलला आणि तो नियम मी पुन्हा कोणाला सांगितला नाही. म्हणून विसरले. तू विसरली नाहीस, कारण तू चांगली विद्यार्थिनी होतीस. चांगल्या विद्यार्थिनीला चुकीचं शिकवलं की ते फार टिकतं.

'अनुभव म्हणजे एकच चूक बरीच वर्षं करणं नव्हे' हे माझं वाक्य मी परत घेत नाही. ते चांगलं वाक्य आहे. फक्त पत्ता चुकला होता. चौथीत बसायलाही माझी हरकत नाही. काल मी रंभाला आणि तिच्या आईला घरी बोलावलं आणि रंभासमोर ते पान ठेवलं.

रंभाने सगळं वाचलं. मग म्हणाली, "बाई, हे तं तुमीच लिवलं."

मी म्हटलं, "हो."

"मंग त्या चिटनीस बाईसंगं भांडत काऊन होत्या?"

"मला माहीत नव्हतं."

तिने पान उलटून पाहिलं. मग म्हणाली, "आमचा मुन्शी बी असाच करते. सुटं पुडकं स्वतःच पाडते, आन् आमालेच बोलते." तिची आई तिला दटावायला लागली. मी दटावू दिलं नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझं इतकं नेमकं मूल्यमापन कोणत्याही तपासनिसाने केलं नव्हतं.

तुझा मार्ग मला नामंजूर आहे. 'कधी कधी' हे शब्द मी लिहिले नव्हते. मी जन्मात 'कधी कधी' लिहिलेलं नाही, तुझे अध्यक्ष माझी चार वाक्यं ऐकतील तरी त्यांना ते कळेल. माझी चूक तू स्वतःच्या नावावर घ्यायचीस आणि मी शाल पांघरून बसायचं? बावीस वर्षांपूर्वी तुला एकदा खाली बसवलं. आता पुन्हा बसवणार नाही.

तेव्हा मंडळाने पुढीलप्रमाणे करावं.

सोबत माझी सहीची कबुली आहे, एक पान. ती ४ तारखेच्या बैठकीत तू उभी राहून वाचायचीस. अध्यक्ष मधे बोलले तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची.

त्या पाच मुलींचा एकही गुण कापायचा नाही. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी लिहिलं. चूक माझी, गुण त्यांचे. पण वसतिगृहात आल्या की पहिल्या आठवड्यात तू त्यांच्याकडून सतरापासून एकोणसाठपर्यंत अकरा भागाकार करून घ्यायचेस. कोणीही सुटणार नाही.

टिपणांचे कागद चक्रमुद्रणावरून उतरवायचे. काढायचेच असतील तर पहिल्या पानावर तीस हजार एकतीस घालायचे, त्याखाली माझी चूक आणि रंभाचं उत्तर, दोन्ही नावांनिशी. चाळीस शाळांतल्या चाळीस मास्तरांना कळू दे की पाच उदाहरणं म्हणजे नियम नव्हे. सत्काराचं तुमचं तुम्ही ठरवा. शाल दिलीत तर घेईन, थंडीत उपयोगी पडते. भाषण मात्र मी तपासून देईन.

रंभाने सातवाही मांडून पाहिला. पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार अधिक एक, म्हणजे पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. माझ्या ओसरीवर बसून, खडूने. एकोणीस गुणिले सत्त्याण्णव गुणिले दोनशे सत्त्याहत्तर. म्हणजे सहावा खोटं बोलला आणि सातवाही. तिला विचारलं, आठवा करतेस का? म्हणाली, "करतो, पन खडू संपला." तिच्यासाठी चांद्याहून खडूची पेटी पाठव. इथे मिळतो तो भुगा होतो.

तुझ्या वहीचं पान परत पाठवते. तांबड्या शाईतल्या नियमावर मी तांबड्याच शाईने फुली मारली आहे. 'शाब्बास' ठेवलं आहे, ते तुझ्या भागाकारांना होतं आणि भागाकार बरोबर होते. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही समासात लिहिलं आहे. तू विचारलं होतंस, आणि सहावा? ५९ × ५०९. बावीस वर्षं उशीर झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.

आता मंडळाच्या चिटणिसांना.

कु. रंभा लटारू मडावी हिचे गुण बासष्ट झाले आणि सहावी जागा तिला दिली, असं लेखी उत्तर शनिवार, दि. ५ जुलै १९५८ रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत गोंडपिपरीस पोचलं पाहिजे. टपालावर भरवसा नसेल तर शेवटच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ द्यावं, मी अड्ड्यावर उभी राहीन. पाकिटावर माझं नाव नको. रंभाचं हवं, पूर्ण नाव, शाईने. तिला आजवर कोणाचं पत्र आलेलं नाही.

मनकर्णा येरगुडे